हाताला चालेल असा कंट्रोलर

पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, त्या दिवशी परतताना आमचे हे एसटीत मागच्या बाकावर जाऊन बसले. लग्न झाल्यापासून मी असं कधी पाहिलं नव्हतं. भोर डेपोत जन्मभर ड्रायव्हरची नोकरी केलेला माणूस. निवृत्त झाल्यावरही गाडीत चढले की पुढं बसायचे, चालवणाऱ्याचे गिअर कान देऊन ऐकायचे, आणि एखादा चुकला की माझ्याकडे बघून भुवई उचलायचे. त्या दिवशी मागं बसले. उजवा हात डाव्या हातात धरून ठेवला होता. कात्रज गेलं, खेड शिवापूर गेलं. कापूरहोळला गाडी भोरच्या रस्त्याला वळली तेव्हा म्हणाले, "मोटरचाच आजार निघाला बघ. डायवरला दुसरा कुठला व्हायचा?"

डॉक्टरांनी 'मोटर न्यूरॉन' असं काहीसं म्हटलं होतं. स्नायूंना हलवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. औषध नाही. डोकं मात्र अखेरपर्यंत शाबूत राहतं, हे त्यांनी दिलासा दिल्यासारखं सांगितलं. मला तो दिलासा वाटला नाही.

मी पदराशी चाळा करत बसले होते. थोड्या वेळानं हे म्हणाले, "आता डिजिटल घिऊन टाकू. लई दिवस नुसतं घिऊ घिऊ चाललंय."

म्हणजे रेल्वेचं. आमच्या भोरच्या घरात मागच्या खोलीत ह्यांनी एक रेल्वे मांडली होती. भोर-वेल्ह्याकडे खरी रेल्वे कधी आली नाही. एसटी घेऊन लांबच्या मार्गावर जाताना फाटकात गाडी थांबायची, समोरून रेल्वे जायची, तेवढीच ह्यांची रेल्वेशी ओळख. पण ती डोक्यात बसली. निवृत्तीनंतर प्लायवूडचं मोठं टेबल केलं आणि त्यावर भोरपासून वेल्ह्यापर्यंतचा मार्ग टाकला. भोर, नसरापूर, मार्गासनी, वेल्हे. गोणपाट आणि प्लॅस्टरचा तोरणा केला. मी मार्गासनीच्या शाळेत बरीच वर्षं शिक्षिका होते, अक्षर बरं आहे, म्हणून स्टेशनांच्या पिवळ्या पाट्या माझ्याकडून लिहून घेतल्या. वीतभर लांबीची इंजिनं, त्यांना डबे. शेजारचे हसायचे. ह्यांना त्याचं काही नव्हतं.

ही रेल्वे जुन्या पद्धतीनं चालायची. त्यात रुळात वीज सोडली की त्या रुळावर जेवढी इंजिनं असतील तेवढी सगळी धावतात. एक थांबवायचं आणि दुसरं चालवायचं तर रुळाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला वेगळा खटका लावावा लागतो. ह्यांच्यासमोर अशा खटक्यांची एक फळीच होती. दोन गाड्या एकदम निघाल्या की दोन्ही हातांची बोटं पेटी वाजवल्यासारखी त्यावर फिरायची. आजाराची पहिली खूण तिथंच दिसली. उजव्या अंगठ्यानं खटका दबेना. आम्हाला वाटलं, खटकाच घट्ट झालाय. तेल सोडलं.

डिजिटलमध्ये खटक्यांची गरज नसते. रुळात वीज कायम खेळती राहते. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप बसवतात, तिला स्वतःचा नंबर असतो. कंट्रोलरवर नंबर लावून हुकूम दिला की तेवढंच इंजिन हलतं, बाकीची जागेवर उभी राहतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढच्या काही आठवड्यांत मी ते ह्यांच्यापेक्षाही जास्त शिकले, कारण रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं, आणि आजाराबद्दल वाचण्यापेक्षा हे वाचणं सोपं होतं.

मोबाईलवर व्हिडिओ बघायची. त्यात सगळे म्हातारे परदेशी लोक, धडधाकट हातांनी चकरी फिरवणारे. अशा रेल्वेवाल्यांच्या एका गटावर मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकला, की हात हळूहळू निकामी होत जाणाऱ्या माणसाला कुठला कंट्रोलर बरा? दोघांनी सहानुभूतीचे शब्द लिहिले. बाकीच्यांचं आपसात जुंपलं, कुठल्या कंपनीचा माल चांगला यावरून. दोन दिवस भांडत होते. मग कुणीतरी दुसरा प्रश्न टाकला आणि माझा खाली गेला.

आम्ही पुण्याला पेठेतल्या एका दुकानात गेलो. बरोबर भाई होते. भाई ह्यांचे डेपोपासूनचे मित्र. तिथं गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे, नंतर भोरच्या बाजारात जळालेल्या मोटरी भरून द्यायचं दुकान टाकलं. रेल्वेच्या सगळ्या तारा त्यांनीच ओढल्या होत्या. दुकानदारानं तीन तऱ्हा दाखवल्या. एक हातात धरायचा, गोल चकरीचा. एक मोबाईलवरून चालणारा. आणि तिसरा कॉम्प्युटरला जोडायचा, त्यात गाड्यांचं वेळापत्रक एकदा भरलं की माणसानं नुसतं बघायचं.

हे अगदी रंगात येऊन विचारत होते. किती इंजिनं एकदम पेलेल, भोंग्याचा आवाज वेगळा घ्यावा लागेल का, चढावर गाडी दमेल का. मी ह्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. चकरी दोन बोटांत धरली आणि फिरवली. फिरली. पण परत आणताना निसटली. दुकानदाराच्या लक्षात आलं नाही. तो म्हणाला, "काका, मोबाईलवाला घ्या. पुढं कितीतरी वर्षं बघायला नको."

ह्यांनी चकरी काउंटरवर ठेवली. हे म्हणाले, "इचार करून सांगतो."

घरी आल्यावर मी विषय काढला. भाई चहा घेत बसले होते. मी म्हटलं, "अहो, मोबाईलवालाच घेऊ या. काचेवर बोट नुसतं टेकवायचं असतं. जोर लागत नाही."

"बोटाखाली कायच लागत न्हाई त्यात," हे म्हणाले. "डायवरनं रस्त्याकडं बघायचं का हाताकडं? चकरी हातात आसली की म्या गाडीकडं बघतो. काचेवर बोट कुठं हाय ते बघायला मान खाली घालावी लागती. मग गाडी कोन बघनार?"

ते खरं होतं. तरी मी रेटलं, "पण पुढं..."

"पुढं काय?"

मी चहाचं भांडं उचललं.

"बोल की. पुढं बोटं जानार. मनगाट जानार. डाक्टर बोलला तवा म्या बी हुतो तितं." आवाज चढला नव्हता. पोराला समजवावं तसं बोलत होते. "तू पुढचा हात धरून खरेदी कराय निघालीस. त्यो हात आजून आला न्हाई. आज ज्यो हात हाय त्याच्यासाठी घिऊ."

भाईंनी कप खाली ठेवला. "भाभी, डायवर म्हणतात तसं करू. पुढचं काही त्यालाच जोडता येतंय का, ते मी बघतो."

म्हणून चकरीचा कंट्रोलर आला. माझं मन सांगत होतं की हा टिकणार नाही. भाईंनाही ते कळत होतं. ह्यांना तर आमच्या आधीच कळलं असावं.

चिपा बसवण्याचं काम भाईंच्या दुकानात झालं. मी ह्यांना घेऊन जायची. भाई डोळ्याला भिंग लावून केसासारख्या तारांना कथलाचे डाग द्यायचे आणि हे शेजारी स्टुलावर बसून पान खाल्ल्यासारखं तोंड करून सूचना द्यायचे. प्रत्येक इंजिनाला नंबर द्यायची वेळ आली तेव्हा ह्यांनी आपण चालवलेल्या एसटी गाड्यांचे शेवटचे आकडे सांगितले. एकही विसरले नव्हते. "ह्यो वरंध्याच्या घाटातला," असं म्हणून एका इंजिनाकडे बोट करायला गेले, पण बोट सरळ झालं नाही, वाकडंच राहिलं.

सगळं जोडून झालं त्या संध्याकाळी आम्ही तिघं मागच्या खोलीत होतो. ह्यांनी कंट्रोलर पोटाशी धरला, डाव्या हातानं आधार दिला. भोरहून एक गाडी सोडली. वेल्ह्याहून दुसरी. एकच रूळ, दोन्हीकडून गाड्या. जुन्या पद्धतीत हे करताना दर वेळी कुठंतरी गडबड व्हायची. वेल्ह्याची गाडी मार्गासनीला आली, बाजूच्या रुळावर गेली आणि थांबली. माझ्या हातच्या पाटीसमोर, अगदी फलाटाला लागून. भोरची गाडी भोंगा देत समोरून निघून गेली. मग उभी असलेली हळूच हलली, पहिला झटका न देता. हे किती वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "प्याशिंजरला धक्का बसला न्हाई." भाईंनी डोळे पुसले आणि भिंगानं डोळ्यात पाणी येतं असं म्हणाले. भिंग तर दुकानात होतं.

असं काही आठवडे चाललं. रोज दुपारचं जेवण झालं की हे मागच्या खोलीत. मला वाटायला लागलं की डॉक्टर चुकले असतील. असं वाटतं माणसाला.

मग चकरी फिरेना. भाईंनी तिला रबराची जाड पट्टी गुंडाळली, पकड यावी म्हणून. तेवढ्यावर थोडे दिवस निघाले. मग चकरीला एक चपटी काडी चिकटवली, म्हणजे बोटं नाहीत तर मनगटानं ढकलता येईल. गाडी सुटायची, पण हळू व्हायची नाही. एकदम वेगात निघायची नाहीतर एकदम थांबायची. हे चिडायचे. जन्मात प्रवासी कधी झटक्यानं पाडला नाही म्हणायचे. एका दुपारी मी चहा घेऊन गेले तर कंट्रोलर मांडीवर पडलेला, आणि हे दोन्ही हात दोन्ही बाजूंना सोडून बसलेले. म्हणाले, "भाईला बोलाव. मोबाईलचं बघू दे."

मी भाईंना फोन लावला. 'मी म्हटलं होतं' असं मनातही आलं नाही. आपलं खरं ठरण्याचा इतका राग मला कधी आला नव्हता.

भाईंनी मोबाईलशी बोलणारी एक छोटी डबी आणून कंट्रोलरला जोडली आणि मोबाईलवर गाड्या आल्या. मोबाईल मोठा घेतला, ह्यांच्या मांडीवरच्या उशीवर ठेवला. काचेवर एक पट्टी दिसायची, ती वर सरकवली की वेग वाढतो. बोट उचलून ठेवायचं तर खांद्यापासून जोर लागतो, हे तेव्हा कळलं. ह्यांचा हात काचेवर पडायचा तो सगळाच पडायचा. करंगळीनं एक गाडी सुटायची, तळहातानं दुसरी. मी म्हटलं, थांबा, मी हात धरते. "धरू नगस," म्हणाले. बोलणं तेव्हा जडावायला लागलं होतं.

त्याच दिवशी वरंध्याचा नंबर दिलेलं इंजिन वेल्ह्याच्या टोकाला थांबलंच नाही. हात पट्टीवर अडकून बसला होता. इंजिन रूळ संपला तिथून सरळ खाली फरशीवर गेलं. पुढचा भाग फुटला. मी ते उचललं आणि वळले, तर हे हसत होते. मोठमोठ्यानं, थांबता थांबेना. डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं, की ह्या आजारात असं कारण नसताना हसू येतं, आवरत नाही. पण डोळे हसत नव्हते. डोळे माझ्याकडे बघून म्हणत होते, की हे मी करत नाही. मी दार लावून घेतलं, बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

भाईंनी मग कॉम्प्युटरचं काढलं. रुळाखाली ठिकठिकाणी सेन्सर बसवायचे, त्यावरून गाडी कुठं आहे ते कॉम्प्युटरला कळतं. रुळांचे सांधे तोच बदलणार, गाड्या तोच सोडणार. "डायवर, तुम्ही नुसतं बसून बघायचं," भाई उत्साहानं म्हणाले.

ह्यांना शब्द जुळवायला वेळ लागला. आम्ही थांबलो. "मंग म्या कोन?" म्हणाले. "प्याशिंजर?"

पुन्हा तो विषय निघाला नाही.

भाईंचा एक मेहुणा वरवे बुद्रुकजवळच्या कारखान्यात होता. तिथल्या मशिनी अडचणीच्या वेळी बंद करायला मोठी लाल बटणं असतात, टोपीसारखी, नुसता धक्का लागला तरी दबणारी. त्यातलं एक जुनं, टाकून दिलेलं बटण भाई घेऊन आले. लाकडाच्या फळीवर बसवलं आणि ह्यांच्या उजव्या पायाखाली ठेवलं. एकदा दाबलं की गाडी सुटते, पुन्हा दाबलं की थांबते. वेग ठरलेला, कमी-जास्त काही नाही. एवढी मोठी खरेदी, इतके नंबर, इतके सगळे हुकूम, आणि शेवटी एक सुरू आणि एक बंद.

ते मान्य केलं ह्यांनी. आक्सिलेटरचा पाय, म्हणाले. एवढंच म्हणाले, पण त्यातही थोडी गंमत होती. टाच टेकवून बटण दाबायचे आणि गाडी मार्गासनीला फलाटाशी थांबवायचा प्रयत्न करायचे. पुढं जायची, नाहीतर अलीकडे राहायची. कधीतरी बरोबर थांबली की माझ्याकडे बघायचे. मी त्या वेळी खोलीत असेन याची काळजी घ्यायची. घरातलं काम तसंच पडून राहायचं.

थंडीत पाय गेला. आता शब्दही राहिले नव्हते. डोळे तेवढे हलायचे. हो म्हणायला मिटायचे, नाही म्हणायला बाजूला वळवायचे. मग मी कंट्रोलर हातात घेतला. ह्यांची खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि म्हटलं, "तुम्ही सांगा, मी चालवते." कुठली गाडी? हे एका गाडीकडे बघायचे. मी नंबर लावायची. ती नाही, दुसरी. मी दुसरा लावायची. सोडली की ह्यांची नजर पुढच्या वळणावर जायची, आणि मला कळायचं नाही की तिथं हळू करायचं आहे की ते नुसतं बघतायत. मी विचारायची, हळू? नाही. थांबवू? नाही. जोरात? नाही. मग काय? एकदा मी गाडी थांबवून पाटीशी अगदी नीट लावली, मला वाटलं बरं वाटेल. ह्यांनी डोळे मिटले. मी समजले, हो म्हणतायत. खूप वेळ झाला, उघडले नाहीत. तो होकार नव्हता. ह्यांना आता बघायचं नव्हतं. मी वीज बंद केली आणि खुर्ची पुढच्या खोलीत नेली.

श्वासाचं मशीन घरी आणायला डॉक्टरांनी सांगितलं. दवाखान्यातल्यासारखी खाट, मशीन, कफ ओढायचं दुसरं यंत्र. पुढची खोली रस्त्यावरची, धुळीची. मागच्या खोलीलाच लागून मोरी होती. खाटेला जागा तीच होती. मी ह्यांच्या जवळ बसले आणि विचारलं, "टेबल काढू का?"

डोळे लगेच मिटले. लगेच उघडले. अजिबात वेळ घेतला नाही. त्यांनी जरा वेळ घेतला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

टेबल खोलीतच बनवलेलं होतं, दारातून अख्खं निघणार नव्हतं. भाई करवत घेऊन आले. इंजिनं आणि डबे मी आधीच कागदात गुंडाळून कपाटात ठेवले होते. स्टेशनच्या पाट्या काढल्या. भाईंनी तारा कापल्या, रूळ उचकटले, आणि मग नसरापूरच्या पुढं कुठंतरी करवत लावली. दोन खोल्यांच्या मधलं दार मी लावलं होतं, पण करवतीचा आवाज दाराला काय जुमानतो? मी ह्यांच्याजवळ बसून होते. हे छताकडे बघत होते. भाई मधेच थांबले. मला वाटलं, दमले असतील. दार उघडून बघितलं तर तोरण्यावर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "भाभी, हे कापवत नाही." मग मी करवतीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून कापलं. प्लॅस्टरचा भुगा इतका उडाला की खोली दोनदा पुसावी लागली.

माघात हे गेले. सकाळची वेळ होती, मशीन सुरूच होतं. त्यामुळे लगेच कळलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर भाई आले. कपाटातला कंट्रोलर बाहेर काढून पुसला. रबराची पट्टी आणि काडी सोडवली, चकरीवरचा डिंक खरवडला. म्हणाले, "कुणाला तरी देऊन टाकू. वस्तू चांगली आहे. फारशी वापरलेलीच नाही."

साताऱ्याकडचे एक गृहस्थ घ्यायला आले. नीट बघितलं, चकरी फिरवून पाहिली. एवढी नवी वस्तू का देताय, असं विचारलं. मी सांगितलं. ते ओशाळले, चहा अर्धा ठेवून उठले. जाताना म्हणाले, "आमच्याकडे जोडलं की व्हिडिओ पाठवतो तुम्हाला."

पाठवला त्यांनी. मी तो अजून उघडलेला नाही. भाई अधूनमधून विचारतात, बघितला का, कसा चालतोय. मी म्हणते, हो, छान चालतोय.